पोळ्याचा घास

काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या जिवंत पेशी त्या छोट्या गाडीला वाट दाखवायच्या. समोर खुर्ची आली की गाडी आपणहून वळायची. तरी नाशिकच्या त्या प्रयोगशाळेत आलेल्या कंपनीच्या साहेबांनी संशोधक हर्षालीपुढे नकारार्थी मान हलवली.

"मॅडम, हेच काम साधी चिप करते. तिला रोज खायला घालावं लागत नाही, ऊब द्यावी लागत नाही, ती दमतही नाही. व्यवहारात हे चालायचं नाही."

साहेब गेले. प्रकल्प बंद झाला. पेशी उद्या टाकून द्यायच्या होत्या.

हर्षालीचे वडील, कारभारी नाना, कोपऱ्यात बसून होते. पेशींना उपाशी ठेवून तिला पोळ्यालाही घरी जाता येईना, म्हणून तेच सकाळी कळवणहून पुरणपोळीचा डबा घेऊन आले होते.

"साहेबांचं काही चुकलं नाही, नाना," हर्षाली म्हणाली. "बैल विकून ट्रॅक्टर आणला, तेव्हा तुम्हीही हेच म्हणाला होतात."

नाना उठून गाडीजवळ आले.

"ह्याच्यात खरंच जीव हाय?"

"आहे. उद्यापर्यंत."

त्यांनी डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडून गाडीपुढे ठेवला आणि हात जोडले.

"नाना, गाडी पोळी खात नाही."

"घरचे तरी कुठं खातात?" नाना म्हणाले. "ट्रॅक्टर आल्यापासून मातीचेच बैल पुजतोय."