साहेबांचा दंड

"साहेब, बैठक दोनची होती. दोन वीस झालेत. उशिराला वीस रुपये दंड आहे," गजराबाईंनी वहीतून मान वर न करता सांगितलं.

बचत गटातल्या बाकीच्या बायका गजराबाईंना डोळ्यांनी खुणावू लागल्या. गटाची तपासणी करून गुण द्यायलाच साहेब बँकेतून आले होते. 'अ' श्रेणी मिळाली, तरच शेवयांच्या मशीनसाठी कर्ज मिळणार होतं.

"अहो अध्यक्षबाई, पाहुणे आहेत ते!" कुणीतरी कुजबुजलं.

"मग? मागच्या बैठकीला मीसुद्धा भरलेच की!"

साहेबांनी खिशातून वीसची नोट काढली. गजराबाईंनी पावती फाडून हातात दिली. "आता बसा. चहात साखर चालते ना?"

हजेरी, बचत, परतफेड, साहेबांनी सगळं बारकाईने तपासलं. 'अ' श्रेणीला अजून नऊ गुण हवे होते आणि फॉर्मवर एकच प्रश्न उरला होता: गटाचे नियम सर्वांना सारखेच लागू होतात का?

आधीच्या आठ गावांत त्यांनी हे विचारलं होतं. सगळीकडे "हो" हेच उत्तर आलं होतं. इथे त्यांनी विचारलंच नाही. दहापैकी दहा लिहिले आणि पुरावा म्हणून स्वतःची पावती फॉर्मला टाचली.