उरलेल्या विटा

फावड्याचा दांडा पाठीत बसला तसा सावळीराम गवंडी वाळूच्या ढिगावर तोंडघशी पडला. हातातली थापी लांब उडाली.

“विटा खातो का रे? माझ्या घराच्या विटा खातो?” गोटीराम ओरडला आणि दुसरा तडाखा त्याने कमरेत घातला.

“भाऊ, ऐका तरी...”

ऐकतो कोण! गोटीराम तसा गरीब स्वभावाचा माणूस, नाशिकजवळ मखमलाबादला झेंडू-शेवंती पिकवणारा, बैलावरही कधी चाबूक न उगारणारा. पण आज मेहुणा शेजारी उभा होता, आणि मेहुण्यासमोर भल्याभल्यांच्या डोक्यात वारं शिरतं. दसऱ्याच्या झेंडूच्या धांदलीत गोटीराम आठ दिवस बांधकामावर फिरकला नव्हता. आज मोठ्या हौसेने त्याने मेहुण्याला घर दाखवायला आणलं होतं. भिंती दारावरच्या पट्टीपर्यंत चढल्या होत्या. मेहुणा गोरक्ष, अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, म्हणजे जगातलं सगळं कळणारा. त्याने मोटारसायकलच्या किल्लीने भिंतीवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, “दाजी, भिंत पोकळ हाये.”

मग पहारीने एक वीट उचकटली. गोटीरामने आत हात घातला तर मनगटापर्यंत गेला. आत काही नाही, नुसती हवा. आणि कोपऱ्यात उरलेल्या विटांची चांगली कमरेइतकी थप्पी.

“ही थप्पी टेम्पोत कधी भरणार होता म्हणे?” गोरक्षने विचारलं होतं, आणि तिथेच गोटीरामचं टाळकं सटकलं. चोर कधी चोरीचा माल मालकाच्याच जागेत रचून ठेवतो का? पण एवढं साधं दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

“भाऊ, मॅडमला विचारा! मॅडमनंच अशी बांधाय सांगितली!” सावळीरामची बायको कुसाबाई डोक्यावरचं घमेलं टाकून धावली आणि गोटीरामच्या हाताला लोंबकळली. त्याने हिसडा दिला. ती खडीवर आदळली, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं.

ते पाहून सावळीराम उठला. मालकावर हात उचलवेना, तसा धडपडत गोरक्षच्या अंगावर गेला. गोरक्षला तेवढंच निमित्त हवं होतं. त्याने सावळीरामचा उजवा हात पिरगळला आणि विटांच्या थप्पीवर दाबून धरला.

“याच हातानं चोरल्या ना? हाणा, दाजी.”

दाजींनी दांडा हाणला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी मनगट कडकन मोडलं आणि सावळीराम गुरासारखा हंबरला.

तेवढ्यात योगिनी मॅडमची कायनेटिक फाटकाशी आली. घराचा नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्ट त्याच.

“बरं झालं आलात, मॅडम,” गोटीराम धापा टाकत म्हणाला. “चोर पकडला. सगळ्या भिंती आतून पोकळ ठेवल्या हरामखोराने.”

योगिनीने गाडी स्टँडवरसुद्धा लावली नाही, तशीच पडू दिली.

“अहो, पोकळच असते ती भिंत! मीच काढलीये तशी! विटा उभ्या लावायच्या, मध्ये हवा ठेवायची. घर गार राहतं, चौथाई विटा वाचतात, तेवढी भट्टी कमी जळते. तुम्हाला स्वस्तातलं, गार घर हवं होतं ना, गोटीरामभाऊ? नकाशा उघडून दोनदा समजावलं तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात!”

गोटीरामच्या हातातून दांडा गळाला. हो म्हणाला होता खरा. समोर शिकलेली बाई, तो निळा नकाशा, ते भराभरा बोलणं. समजलं नाही असं म्हणायची लाज वाटली होती. मान डोलवायला काय जातं, म्हणून डोलावली होती. आता मात्र धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

“मलाबी नव्हतं समजलं,” कुसाबाई खडीतून उठत म्हणाली. कपाळावर तिने पदर दाबून धरला होता. “मी तीनदा विचारलं. मॅडमनी तीनदा सांगितलं. मी अडाणी बाई, मला कशाची लाज?”

गोरक्षने हळूच मोटारसायकलला किक मारली. “सेकंड शिफ्ट हाये, दाजी,” असं काहीतरी पुटपुटला आणि पसार झाला. आग लावून झाली होती, आता त्याचं काय काम!

गोटीराम सावळीरामपुढे उकिडवा बसला. “मग आधी सांगायचं ना रे, बाबा!”

“सांगतच होतो की, भाऊ.”

हे ऐकून गोटीरामला रडू फुटलं. “चल, दवाखान्यात नेतो. हात बरा होईस्तोवर काम बंद ठेवतो. घर तूच बांधायचं. अशी भिंत अख्ख्या नाशकात दुसऱ्या कोणाला येत नाय.”

सावळीराम आपल्या हाताकडे पाहत होता. मनगट भलतीकडेच वळलं होतं. त्याने बोटं हलवून पाहिली, ती हलेनात. योगिनीने ओढणी काढून त्याचा हात गळ्यात बांधायला घेतला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

“मॅडम,” तो म्हणाला, “पुढच्या घराला भिंत भरीव काढा.”

“तिला विटा जास्त लागतात हो,” ती म्हणाली. आपण या वेळी हे काय बोलतोय, हे तिचं तिलाच कळेना.

“लागू द्या. विटा भट्टीवर भेटत्यात.”