मागचे पाय

चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खुर्चीला अजून मागचे पाय नव्हते.

सुतारकामाच्या शेडमध्ये मामाच्या पुढ्यात पायांच्या दोन जोड्या पडल्या होत्या. एक पंचेचाळीस सेंटिमीटरची, पुढच्या पायांइतकीच. दुसरी पस्तीसची. त्याने एक जोडी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. मग स्वच्छ असलेली पटाशी पुन्हा पुसली.

समोरच्या भिंतीवर भाचीचं चित्र खिळ्याला अडकवलेलं होतं. भाची दहा वर्षांची. घरात सगळे तिला मुंगी म्हणायचे, कारण एकदा कामाला लागली की ती वाट सोडायची नाही. ही खुर्ची तिने स्वतःच्या डोक्याने योजली होती आणि बाजूने तिरपी बघून, सावलीसकट, काढली होती. दूरची वस्तू लहान दिसते हे तिला ठाऊक होतं, म्हणून मागचे पाय लहान. इथवर सगळं बरोबर. पण मग मुंगीबाईसाहेबांनी फूटपट्टी घेऊन कागदावरची रेघ न् रेघ मोजली, पाचने गुणली आणि शेजारी आकडे लिहिले. पुढचे पाय पंचेचाळीस. मागचे पस्तीस. खाली जाड अक्षरांत: ‘अशीच हवी.’

“तू काढशील तश्शी बनवीन,” असं मामाच बोलून बसला होता.

“काय रे, मुहूर्त बघतोयस का?” कोपऱ्यात दाराला पॉलिश घासणाऱ्या कारागीर काकांनी विचारलं.

“काका, लहान पाय लावले तर बसणारा मागे कलंडणार.”

“मग मोठे लाव.”

“मोठे लावले तर खुर्ची तिची राहत नाही.”

“मग लहान लाव.”

“पडेल ना ती!”

“घ्या! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.” काका हसले. “मोठी माणसं चुकीचे आकडे पाठवतात तेव्हा काय करतोस?”

“फोन करून सांगतो.”

“मग हिलाही सांगायचं.”

तेच करायला त्याने सकाळी फोन लावला होता. उचलला ताईने. “खबरदार तिला चुकलंय म्हणालास तर,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी तिच्या चित्रावर स्वतःचा ब्रश फिरवला. बक्षीस आलं, आणि हिने आठ महिने पेन्सिलीला हात लावला नाही. आता कुठे परत काढायला लागलीय. तू आपला गुपचूप नीट करून टाक.”

“म्हणजे सरांनी केलं तेच मी करू?”

“तू जरा बेमालूम कर.”

बाहेर स्कूटर थांबली. मामाने पाना उचलला. मन अजून इकडे आड तिकडे विहीर करत होतं, पण हातांनी पस्तीसची जोडी घेतली आणि बोल्ट आवळून टाकले.

मुंगी दप्तरासकट आत आली. खुर्चीभोवती एक फेरी मारली, मग उलटी फेरी. कंपासपेटीतून पट्टी काढून मागचा पाय टप्प्याटप्प्याने मोजला.

“पस्तीस,” ती म्हणाली आणि मान डोलावली. “पण झुकलीय का जराशी?”

“हं,” मामा म्हणाला.

मागोमाग आलेल्या ताईला टेबलावरची लांब जोडी दिसली. तिने भावाकडे असं पाहिलं की काकांनी घासणं थांबवलं.

मुंगी बसली. पाठ टेकली. पुढचे पाय जमिनीवरून उठले आणि खुर्ची मागे निघाली. मामाचा हात पाठीखाली गेला म्हणून बरं. मुंगीचे बूट हवेत, नजर छपरावर.



“झालं समाधान?” ताई म्हणाली. “ते दुसरे पाय लाव आधी. आणि तू उठ गं, लागेल.”

मुंगी उठली नाही. तिचे कान लाल झाले होते. मान वाकडी करून ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती.

“मागचे पाय दूर होते,” ती हळू म्हणाली. “म्हणून लहान दिसले. मी ते तसेच मोजले.”

“हो.”

“तुला कळलं होतं?”

“कागद हातात घेतला तेव्हाच.”

“मग बनवलीस कशाला?”

“तू ‘अशीच हवी’ लिहिलं होतंस.”

तिचा ओठ थरथरला. आता ही रडणार, कागद फाडणार आणि हे पाप आपल्या माथी, असं त्याच्या मनात आलं. खुर्ची धरून धरून मनगट दुखायला लागलं होतं.

मुंगीने नाक ओढलं. पाठ थोडी वर केली, पुन्हा टेकली.

“पस्तीसला पडते,” ती म्हणाली. “पंचेचाळीसला शाळेतल्यासारखी होणार. मधे कुठेतरी असेल ना? आडवं रेलता येईल पण पडणार नाही, असं?”

“असेल.”

“किती?”

“मला काय माहीत? खुर्ची तुझी.”

“मग हात काढ.”

“अगं ए!” ताई पुढे आली.

“हळूहळू काढ, मामा. नक्की कुठून पडायला लागते ते बघायचंय.”

मामाने पायानेच भुशाचं पोतं ओढत ओढत खुर्चीच्या मागे आणलं. मग खुर्ची धरलेल्या हाताची फक्त करंगळी सोडली.