नवव्या प्रकरणापर्यंत

"काठी उचलायच्या आधी मला एकदा बोलू द्या," नाथाजी मास्तर म्हणाले. पलूसजवळच्या त्या बंद गुऱ्हाळात जमलेली दहाबारा माणसं त्यांच्याकडं वळली.

मधोमध गुंडा गाडीवान पाय पसरून बसला होता. चलेजावला वर्ष झालं होतं, आणि भूमिगतांच्या कोर्टात खबऱ्याला एकच शिक्षा होती, तळपायावर काठ्या. त्या खाल्लेला माणूस पुन्हा धड चालत नसे. काठी आकारामच्या हातात होती. गेल्या शुक्रवारी त्याच्या मळ्यातल्या बैठकीवर पोलीस चालून आले आणि त्याचा एकुलता एक मुलगा धुळा गोळी लागून बांधावरच पडला. आज सातवा दिवस.

मास्तरांना रहस्यकथांचा भारी नाद. सांगलीच्या वाचनालयातले सगळे गुप्तहेर त्यांनी कोळून प्यायले होते. अर्ध्या पुस्तकातच ते खुनी ओळखायचे, आणि शेवटी तोच निघाला की दिवसभर स्वतःवर खूश असायचे. पुस्तकांची ने-आण गुंडा करायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. मास्तर त्याला रोज एक प्रकरण वाचून दाखवत आणि तो बैलांना वैरण टाकायचं विसरून ऐकत बसे. मध्येच विचारायचा, "आवं मास्तर, खून कुनी केला तेवढं सांगा की!" मास्तर हसायचे. "गोष्ट संपायच्या आत सांगायचं नसतं, गड्या. मग मजा काय राहिली?"

आज मास्तर उभे होते ते पुस्तकातल्या गुप्तहेरासारखेच. शेवटच्या प्रकरणात तो सगळ्यांना एका खोलीत जमवतो आणि एकेक धागा उलगडून दाखवतो. खरं सांगायचं तर त्यांना त्या वेळीसुद्धा थोडी मजा येत होती.

"आकारामच्या घराबाहेर बैठकीची जागा तिघांनाच ठाऊक होती," ते म्हणाले. "भाऊसोंना, मला आणि गुंडाला, कारण माणसं याच्या गाडीतून यायची होती. भाऊसो त्या आठवड्यात गाव सोडून गेले नाहीत. मीही नाही. बुधवारी गुंडा सांगलीला गेला. नाक्यावर बाकीच्या गाड्या पाच मिनिटांत सुटल्या, याला पोलिसांनी अर्धा तास बसवून ठेवलं. का, ते हा सांगत नाही."

सगळं कसं चपखल बसत होतं. या माणसांचे म्होरके भाऊसो पुढं झाले. "बोल की रं गुंडा. काय इचारलं त्यांनी?"

"काय न्हाई. झडती घेतली आन् सोडलं."

गुंडा मास्तरांकडं बघतच नव्हता. मास्तरांना तोही पुरावाच वाटला.

"पुस्तकाची मुदत वाढवायला वाचनालयात गेलो होतो, असं हा म्हणतो," ते म्हणाले. "गेला असेल तर आत शिक्का असेल. आणा ते पुस्तक."

कुणीतरी गाडीतून पुस्तक आणलं. शिक्का होता, बुधवारचाच. मास्तर जरा हिरमुसले. त्यांनी पानं चाळली आणि पुस्तक नवव्या प्रकरणावर उघडलं. तिथं उसाच्या पाल्याचा एक वाळका तुकडा नीट दुमडून ठेवलेला होता.

नवव्या प्रकरणापर्यंतच वाचून झालं होतं. पण मास्तरांनी खुणेला पाला ठेवला नव्हता, कागद ठेवला होता. भाऊसोंना द्यायला लिहिलेली चिठ्ठी, 'शुक्रवारी, आकारामच्या मळ्यात.' मग निरोप तोंडीच दिला गेला, आणि चिठ्ठी जाळायची राहून गेली, कारण प्रकरण अगदी रंगात आलं होतं. वाचन थांबवताना हाताला आला तो कागद त्यांनी पानांत घातला होता.

कुणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं. तेवढ्यावर सगळं मिटण्यासारखं होतं.

पण त्यांना राहवेना. ते गुंडाशेजारी उकिडवे बसले. "तुला ठाऊक होतं?"

"पोलिसानं पुस्तक झाडलं, कागद पडला," गुंडा हळूच म्हणाला. "साहेबानं वाचून खिशात घातला. मला वाटलं, किरकोळ कायतरी आसंल. वाचायची जागा चुकाय नगं म्हनून मीच पाला घातला. धुळा पडला तवा उमगलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तवाच तुमाला सांगितलं आसतं तर पोरगं वाचलं आसतं. माझीबी चूक हायच की. आन् तुमचं पाय गेलं तर साळंत कसं जाशिला? मी काय, गाडीत बसून बैल हाकीन." गुंडानं हसायचा प्रयत्न केला. "गोष्ट संपायच्या आत सांगायचं नसतं न्हवं, मास्तर?"

आकाराम काठी घेऊन पुढं आला. सात दिवसांत तो म्हातारा दिसू लागला होता. "झालं का, मास्तर? घावला का माझ्या पोराचा मारेकरी?"

"घावला," मास्तर म्हणाले.

त्यांनी पुस्तक गुंडाच्या मांडीवर ठेवलं, चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी पाय पसरून बसले.