चौथा रिपोर्ट

अंजनाकाकूंचा चौथा रिपोर्ट हातात आला आणि प्रियदर्शनीचं डोकंच फिरलं. गेल्या महिन्यात आठ असलेलं हिमोग्लोबिन आता सातावर आलं होतं. लोहाचा साठा जवळजवळ संपलेला, प्रथिनंही घसरलेली. म्हसवडच्या आपल्या छोट्याशा लॅबमधल्या मशिनवरच संशय घेऊन तिनं नमुना दोनदा लावला, एक साताऱ्यालाही पाठवून पाहिला. आकडे तेच.

"काकू, खरं सांगा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेताय ना?"

"घेते की. एक बी चुकवली न्हाई."

"आणि अंडी, शेंगदाणे, पालेभाजी?"

"जेवते तवा खातेच की गं."

"मग रक्त जातंय कुठं?" प्रियदर्शनीनं वैतागून रिपोर्ट टेबलावर आपटला.

काकूंनी तिच्या हातावर मायेनं हात ठेवला. "तू नगं जिवाला लावून घेऊ. रक्त वाढावं म्हनून मी सिद्धनाथाला रविवारचा निरंकार उपास बोललीय. रिपोर्ट कमी आला की आनिक एक वार धरते. तीन झाल्यात."

मग त्यांनी नवा रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला.

"आजपासनं चौथा."