नऊ तासांच्या पुढं

घास हातातच राहिला आणि भुजंगचे डोळे मिटले.

परतूर स्टेशनच्या मालधक्क्यावर तो लॉरीच्या सावलीत जेवायला बसला होता. समोर भाकरीचं फडकं सोडून बसलेली त्याची बायको झुंबर त्याच्याकडं बघत राहिली. आज तिसरा दिवस होता. आगबोटीनं परदेशातून आलेला लाल गहू मालगाडीच्या वाघिणींतून उतरत होता आणि भुजंग तो लॉरीत घालून कुंभार पिंपळगावला पोचवत होता. ड्रायव्हरनं दिवसाला नऊ तासांच्या वर गाडी चालवू नये असा कायदा. पण देशभर धान्याची टंचाई पडली, म्हणून सरकारनं गव्हाच्या लॉऱ्यांपुरता तो उठवला होता. मालक बजरंगलाल शेठनी हुकूम वाचून दाखवला आणि वर म्हणाले होते, "भुजंग, थकला तर बोल. बिलकुल लाजू नको." भुजंग बोलला नव्हता. पिंपळगावात रेशनच्या दुकानापुढं सकाळपासून बसलेल्या बाया त्यानं पाहिल्या होत्या.

एरवी शेजारी बसून त्याला जागं ठेवणारा क्लीनर कचरू कालपासून तापानं पडला होता.

"अहो!"

भुजंग दचकला. घास तोंडात कोंबून उठला. "चलतो. एवढी खेप टाकतो अन् मंग झोपतो."

झुंबरनं फडकं गुंडाळलं. पोती चढवून घाम पुसत उभ्या असलेल्या पुंजाराम हमालाला म्हणाली, "भाऊ, आत्याबाईला निरोप द्या. सून पिंपळगावला गेली म्हणावं." आणि दुसऱ्या बाजूनं वर चढून बसली.

"उतर खाली. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, गहू आला."

लॉरी निघाली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. घरात सासू, दोन दीर, जावा, त्यांची पोरं. नवरा-बायकोचं दिवसाचं बोलणं म्हणजे 'पाणी' आणि 'वाढू का' एवढंच. आता बोलायचं तरी काय? झुंबरनं घरातलंच काढलं. लोणच्याला बुरशी आली. धाकट्या जावेला आंबट खावंसं वाटतंय. भुजंग 'हूं, हूं' म्हणत होता. मग एक 'हूं' आलाच नाही.

लॉरी रस्ता सोडून नाल्याकडं वळली.

"अहो!" झुंबर किंचाळली. भुजंगनं चाक गरकन फिरवलं. काठाची माती ढासळली, मागची पोती कलंडली आणि लॉरी आचका देऊन थांबली.

"इथंच झोपा घटकाभर," ती म्हणाली.

"आता डोळा लागला तर सांजेपर्यंत उठायचो न्हाई. तिथं बाया बसल्यात." त्यानं तोंडावर पाणी मारलं. "तू बोल. पण लोणच्याचं नको."

लॉरी पुन्हा रस्त्याला लागल्यावर झुंबर म्हणाली, "मंग राग सांगू?"

"कोणाचा?"

"तुमचाच. सहा वर्षं झाली."

भुजंगचे डोळे टक्क उघडले.

"भावाच्या लग्नाला हसनाबादला गेल्ते मी. महिना झाला. रोज वाटंकडं बघून राह्यले. तुम्ही आलेच न्हाई, धाकल्या भावजींना धाडलं. आई पुसायची, जावई रुसले का गं? काय सांगू तिला?"

दोन वळणं गेली. भुजंगची नजर रस्त्यावरच होती.

"आल्तो मी."

"कुठं?"

"हसनाबादला. भोकरदनला सरकी टाकून येताना वढ्यापाशी लॉरी उभी केल्ती. तू बहिणींसंगं धुणं धूत व्हती. हासून राह्यली व्हती. इतकी, की हातातलं लुगडं वाहून गेलं तरी तुला पत्ता न्हाई. घरी तुला तसं हासताना कधी पाह्यलं न्हाई. वाटलं, मला बघितलं की लगेच गठुडं बांधशील. ऱ्हाऊ द्यावं आणखी आठ दिवस."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"कवा? अन् कुठं बसून?"

झुंबरनं तोंड बाहेर वळवलं. डोळ्यांत धूळ गेली असावी, तिनं पदरानं पुसली.

"ते लुगडं माझं नव्हतं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "वहिनीचं व्हतं. लई बोलली मला."

भुजंग मोठ्यानं हसला. त्यानंतर झोपेची आठवण दोघांनाही राहिली नाही.

पिंपळगावात लॉरी दिसताच बसलेल्या बाया एकदम उठल्या. पोती उतरू लागली तसा भुजंग लिंबाखाली आडवा झाला. दोन तास झुंबरनं कुणाला त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही.

तो उठला तेव्हा दुकानाचे काकासाहेब म्हणाले, "मागून आलेल्या लॉरीवाल्यानं सांगितलं, वाघिणी रिकाम्या झाल्या. उद्यापासून पहिल्यासारखे नऊ तास. सुटलास बाबा."

"सुटलो," भुजंग म्हणाला. झुंबर परत आपल्या बाजूनं वर चढून बसली.

उन्हं कलली होती. रिकामी लॉरी हलकी धावत होती.

"घरी घाई हाय का?" त्यानं विचारलं.

"म्हशीची धार काढायची हाय." झुंबरनं रस्त्याकडं पाहिलं. "आज आत्याबाई काढतील."

भुजंगनं गिअर उतरवला आणि लॉरी सावकाश चालू लागली.