कापसाची आई

"हा पंच नाही, खांब आहे खांब," औषधवाला म्हणाला. "खांबावर निदान पंखा तरी टांगता येतो."

शेजारी बसलेला त्याचा मेहुणा खो खो हसला. मेहुण्याची मोटार शिकवण्याची शाळा होती. दुसऱ्याच्या चुकांवर ओरडणं हा त्याचा धंदाच. कॉलेजच्या व्यायामशाळेत पहिल्या रांगेतल्या दोन जागा या दोघांच्या ठरलेल्या होत्या. कुस्ती दोघांनीही जन्मात कधी केली नव्हती. त्यामुळे मत द्यायला काही अडचण येत नसे.

मॅटवर त्याच कॉलेजचा पोरगा लाल पोशाखात उतरला होता. गोरा, गुबगुबीत. त्याचं नाव त्यांनी कापूस ठेवलं होतं.

"याचं पुढं काय होईल रे?"

"उशी," मेहुणा म्हणाला. "तीसुद्धा पातळ."

पलीकडच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, मांडीवर पाण्याची बाटली. या मोसमात एकही स्पर्धा त्यांनी चुकवली नव्हती. सकाळी येऊन बसत ते शेवटची कुस्ती सुटेपर्यंत. टाळी मात्र कधी वाजवत नसत. ही कापसाची आई, हे औषधवाल्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. "उतारवयातलं पोर, म्हणून असं लिबलिबीत," असंही त्याने मेहुण्याला समजावलं होतं. विचारून खात्री करण्याची सवय त्याला नव्हती.

"मावशी, पोरगा नीट जेवतो की नाही?" आज त्याने विचारलं.

"जेवायला वेळ कुठं असतो त्याला," बाई म्हणाल्या. "रात्री घरी येतो तेव्हा पाय सुजलेले असतात."

"व्यायाम कमी पडतोय, दुसरं काय! दुकानात या. मलम देतो."

बाईंनी मान हलवली. त्यांची नजर मॅटवरून हलली नाही.

निळ्या पोशाखातल्या पोराने कापसाला ढकलत रेषेबाहेर नेलं. पंचाने निळ्याला गुण दिला.

"अरे आंधळ्या!" मेहुणा उठून ओरडला. "कुणी जन्माला घातलं रे तुला?"

"तोंड सांभाळ, मावशी बसल्यात," औषधवाला म्हणाला आणि स्वतःच फिदीफिदी हसला.

बाईंनी बाटलीचं झाकण पिळून घट्ट केलं.

कुस्ती साधी नव्हती. जिंकेल तो विद्यापीठाच्या संघात, हरेल तो घरी. कापूस गुणांवर मागे पडला होता. वेळ संपत आली, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना तो निळ्याच्या काखेतून आत शिरला. कमरेला विळखा घातला, अंग फिरवलं आणि निळा धाडकन पाठीवर. दोन्ही खांदे मॅटला टेकले, म्हणजे चितपट. पण पंच पायांच्या बाजूला होता. त्याच्या आणि खांद्यांच्या मध्ये कापसाची रुंद पाठ आली होती. तो धावत वळसा घालून आला तोवर निळा कुशीवर वळला. शिट्टी वाजलीच नाही. वेळ संपल्याचा भोंगा झाला आणि पंचाने निळ्याचा हात वर केला.

व्यायामशाळेत गदारोळ उठला. कापसाचे प्रशिक्षक स्पर्धाप्रमुखांकडे धावले. कॅमेरा दुसऱ्या मॅटकडे लावलेला होता. शेवटी प्रमुखांनी सांगितलं, "खांद्यांच्या बाजूने ज्यांनी पाहिलं असेल, त्यांनी माझ्या खोलीत यावं."

"चला!" औषधवाल्याने बाह्या सरसावल्या. "आपल्या वाघावर अन्याय म्हणजे काय! चला मावशी, आज या आंधळ्याचा निकालच लावू."

पाच मिनिटांपूर्वीची उशी आता वाघ झाली होती.

खोली लहान होती. प्रशिक्षक भिंतीला टेकून उभे होते. कोपऱ्यातल्या बाकावर कापूस मान खाली घालून बसला होता.

"पंचाला बोलावलंय," प्रमुख म्हणाले. "जे सांगायचं ते नावानिशी, त्याच्या तोंडावर सांगायचं. त्याच्यावर आधीच एक ठपका आहे. हा दुसरा लागला तर निकाल फिरेल आणि त्याची शिट्टी कायमची जाईल. बोला, कुणी पाहिलं?"

औषधवाल्याने घसा खाकरला. मेहुण्याकडे पाहिलं.

"म्हणजे... पाहिलं तसं. पण अलीकडे माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

"आणि तुम्ही?"

"भावोजी ओरडले, म्हणून मी ओरडलो," मेहुणा म्हणाला. "उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा, नाही का?"

"मघाशी तर छप्पर उडवत होतात," प्रशिक्षक म्हणाले. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. कापसाने मान आणखी खाली घातली.

"मी पाहिलं," बाई म्हणाल्या.

त्या अजून दाराशीच होत्या. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता.

"निळ्या पोराचे दोन्ही खांदे टेकले होते. मी अगदी समोर होते. लाल पोरगा जिंकला होता. पंच चुकीच्या बाजूला उभा होता. त्याने आधीच फिरून यायला हवं होतं."

"तुमच्या शब्दावर एका माणसाचं काम जाईल, बाई. कळतंय ना?"

"कळतंय."

प्रमुखांनी मान डोलावली. औषधवाल्याला राहवलं नाही. "साहेब, एक सांगू का? या त्या पोराच्या आई आहेत. आई आपल्या पोरासाठी काय वाटेल ते बोलणार."

प्रमुखांचा चेहरा उतरला. "मग ही साक्ष मला धरता येणार नाही."

"माझी आई?" कापसाने मान वर केली. "सर, या माझ्या कुणी नाहीत. माझी आई कुस्ती बघायला येतच नाही. तिला धडकी भरते."

खोलीत सगळे बाईंकडे वळले. बाहेर पावलं वाजली आणि दारावर टकटक झाली.

"मग तुम्ही कोण?" प्रमुखांनी विचारलं.

बाईंनी दाराकडे पाहिलं नाही.

"ज्याची शिट्टी जाणार आहे, त्याची आई."